सरड्यावरची पिवळी बोटं

घणसोली, २१ जानेवारी १९९७

आज मॅडमशी खोटं बोललो. त्या सरड्यांच्या अंगाचं तापमान मोजतात, मी त्यांच्या मदतीला असतो. सरड्याला हात लावायचा नाही, डब्यातून थेट दगडावर सोडायचा, असं त्यांनी बजावलं होतं. अंगाची उष्णता दाखवणारा कॅमेरा सुरू करताना त्यांनी विचारलं, “हात लावलास का रे?”

“नाही मॅडम.”

पडद्यावर गार अंगाचा सरडा निळा दिसला, आणि त्याच्या पाठीवर माझ्या उबेची दोन पिवळी बोटं!

“मग याला काय बोटांचा ताप आलाय?” त्या हसल्या आणि म्हणाल्या, “हा राहू दे, दुसरा आण.”

का धरला मी? पळेल म्हणून. ती पिवळी बोटं अजून डोळ्यांपुढे आहेत. कालचे सरडेही मी असेच धरले होते. फोटोआधी ठसे विरले, पण माझी ऊब त्यांच्या अंगात राहिलीच असणार. मॅडम त्यांच्या तापमानाचे आकडे खरे धरून चालल्यात. उद्या सांगायचं, त्यांनी विचारायच्या आधी.