टोपाचे बावीस स्क्रू

अप्पा, तुमच्या हातात काही दोष नव्हता. एवढं एक वाक्य तुम्हाला ऐकवायला माझ्याकडे पुरी नऊ वर्षं होती, आणि मी ते गिळून बसले. आता तुम्हाला जाऊन त्याच्या तिप्पट वर्षं झाली, माझेही केस पिकले, आणि आज जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसले आहे. कुठून सुरुवात करावी कळत नाही, म्हणून त्या स्क्रूंपासूनच करते.

भवानी पेठेतल्या आपल्या दुकानात पुढच्या खोलीत लोकांचे दुरुस्तीला आलेले यंत्रमागांचे भाग, आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तुमचं विमान. एका माणसापुरतं, लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेलं, जुन्या मोटारीचं इंजिन बसवलेलं. लढाईच्या काळात तुम्ही विमानांच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतात, तेव्हापासूनचं हे खूळ. आई त्याला सरळ 'माझी सवत' म्हणायची. मी तेव्हा बांधकाम खात्यात नकाशे काढायची, पंचविशी उलटलेली, त्यामुळे इंग्रजी आराखडे वाचून दाखवण्याचं काम माझ्याकडे होतं. इंजिनावरच्या पत्र्याच्या झाकणाला आराखड्यात काऊलिंग म्हटलं होतं, तुम्ही त्याला टोप म्हणायचात. हा टोप कशानं बसवायचा, यावरून आपलं आठ दिवस वाजलं.

तुम्ही पुण्याला जाऊन तिथल्या जुन्या बाजारातून पाव फेऱ्यात उघडणारे खटके आणले आहेत. नाणं लावून जरा फिरवलं की सुटतात. मी एकेक हातात घेऊन बघते आहे. दोन वेगळ्या मापांचे, आणि त्यातल्या चारांच्या स्प्रिंगा मेलेल्या. "हादऱ्यानं हे सुटले तर टोप उडून पंख्यात जाईल," मी म्हणते. मग तुम्ही बिजागरी सुचवता, लांब बिजागरीत तार ओवायची, तार ओढली की टोप मोकळा. तार आतच तुटली तर काय करायचं, मी विचारते. मला स्क्रूच हवे होते, चांगले बावीस, आतून नट पक्के बसवून. तुम्ही पानाच्या डब्यातला चुना बोटावर घेऊन ऐकत होतात. "अव्वा," तुम्ही म्हणालात. कन्नडात आईला म्हणतात ते तुम्ही मला म्हणायचात. "स्क्रू घट्ट बसतील, व्हय. पर उघडायला तरास झाला की माणूस उघडतच न्हाई. वरनं हात फिरवतो आन् म्हणतो, चांगलं हाय की. मागावर रोज बघतोय मी." मी शिकलेपणाच्या तोऱ्यात म्हटलं, मागाची गोष्ट वेगळी. तुम्ही हसलात. "बरं, तुझं शिक्षण जास्त. बावीस लाव. पर दर वेळी उघडून बघायचं काम तुझं."

तुमची ती चुन्याची रीत मला अजून दिसते. नट आवळून झाला की त्याच्यावरून शेजारच्या लोखंडावर ओल्या चुन्याची बारीक रेघ ओढायची. नट कणभर फिरला तरी वाळलेली रेघ मोडते आणि लगेच कळतं. तुम्ही हात लावलेले माग पेठेत त्या पांढऱ्या रेघांवरून ओळखू यायचे. विमानातही आतल्या प्रत्येक सांध्यावर रेघ होती, आणि टोपाच्या बावीस स्क्रूंवरही. ज्यानं तपासलं त्यानंच रेघ ओढायची, दुसऱ्यानं नाही. "रेघ ओढली म्हंजे जबान दिली," असं तुम्ही दुकानातल्या सगळ्यांना बजावायचात.

त्या हिवाळ्यात आपण विमान ट्रकवर घालून टेंभुर्णीच्या अलीकडे मामांच्या माळावर नेलं. उडवायची परवानगी नव्हती, नुसतं पळवून बघायचं ठरलं होतं. "पळता पळता हातभर उचललं तर कोण बघतंय," तुम्ही आईला डोळा मारून म्हणालात. रस्ताभर ट्रकनं हाडं खिळखिळी केली. सकाळी ताडपत्री काढली तर दोरीनं घासून टोपाच्या पाच-सहा रेघा पुसलेल्या. मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उभी आहे. दोन स्क्रूंची डोकी झिजलेली, थंडीनं बोटं वळत नाहीत, वस्तीवरची माणसं जमलेली, आणि नऊनंतर वारा सुटणार म्हणून तुम्ही कानाला मफलर गुंडाळून घाई करताय. मागच्या रविवारी तर आपण सगळं उघडून बघितलं होतं, मी मनाशी म्हटलं. मी तुमच्या डब्यातला चुना घेतला आणि पुसलेल्या रेघा वरूनच नव्या ओढल्या. "उघडून बघितलंस न्हवं?" तुम्ही विचारलंत. मी हो म्हटलं. माझं पांढरं झालेलं बोट बघून तुम्ही विमानात चढलात.

विमान पळालं, आणि खरंच उचललं, अप्पा. उभ्या ज्वारीच्या वर गेलं. आई तोंडावर पदर धरून हसत होती. मग इंजिन खोकलं आणि बंद पडलं. विमान ज्वारीत आपटलं, एक चाक मोडलं, तुम्ही फुटलेला ओठ पुसत चालत बाहेर आलात. बावीस स्क्रू तुम्ही स्वतः काढलेत, कुणाला हात लावू दिला नाहीत. आत पेट्रोलच्या नळीचा नट ढिला झाला होता, त्याच्यावरची रेघ मोडलेली स्पष्ट दिसत होती. तुम्ही त्या रेघेवरून बोट फिरवलंत. "निघताना अव्वानं बघितलं तवा रेघ साबूत हुती," तुम्ही मामांना म्हणालात. "म्हंजे दोन मिंटात सुटला. माझं आवळणंच कच्चं." मी शेजारीच उभी होते. तो नट ट्रकच्या हादऱ्यांनी आधीच सुटला असणार, हे तेव्हाच बोलायला हवं होतं.

त्यानंतर तुम्ही शेडचं दार उघडलं नाहीत. माग दुरुस्त करत राहिलात, पण शेवटचा फेरा आवळायची वेळ आली की पाना दुसऱ्याच्या हातात द्यायचात. पेठेत लोक म्हणायचे, वय झालं. मला माहीत होतं वय झालेलं नाही, आणि दर वेळी मला स्वतःची शरम वाटायची.

हा कागद पाठवायला पत्ता नाही. घडी घालून तुमच्या पानाच्या डब्यात ठेवीन, तो माझ्याकडेच आहे. पण एक अजून सांगायचं राहिलं. लग्नानंतर तुम्ही माझ्या नव्या घरी नळ बसवायला आला होतात. काम संपवून पाना माझ्यापुढे धरलात. "अव्वा, तू एकदा आवळून बघ. माझ्या हाताचा भरवसा न्हाई." मी पाना लावला. नट जागचा हलला नाही, तुम्ही तो पुरता आवळला होतात. तरी मी जोर लावून फिरवल्यासारखं केलं आणि म्हटलं, "हां, आता बसला."