सायकलीचा रकाना

वर्धा, गुरुवार, १२ जुलै १९७९

किळस आली आज ऑफिसची. केळझरकडच्या एका गावात पोरांना हगवण लागली आहे. गावात विहिरी तीन. त्यातली कोणती खराब, एवढंच आमच्या घरोघरच्या पाहणीतून काढायचं होतं. साहेबांना सकाळीच म्हटलं, पाहणीच्या कागदांवरून विहीर आणि आजार हे दोनच रकाने वहीत उतरवू, बाकीचे आत्ताच सोडू.

"सगळे उतरवा, बाई. मंग पाहू. वरून कोणी विचारलं तं काय सांगान?"

वरून! म्हणून दिवसभर छप्पर, बैल, रेडिओ, सायकल उतरवत बसले. सायकलीचा आणि हगवणीचा काय संबंध? पण साहेब मागे उभेच, सायकलीचा रकाना सुटत तर नाही ना! ऑफिस बंद व्हायची वेळ झाली. विहिरीच्या रकान्यापर्यंत पोचलेच नाही.

फाटकाशी त्याच गावची गिरजा उभी होती. पाहणीच्या वेळी तिच्या घरी चहा प्यायले होते.

"एक लेकरू दवाखान्यात हाय, बाई. दुसरं घरी हाय. त्याले कोण्या हिरीचं पाणी पाजू नाई, थे तं सांगा."

उकळून पाज म्हटलं. विहीर कोणती, ते अजून कागदांतच होतं.

तिच्या घरी सायकल नाही, एवढं मात्र मला पक्कं ठाऊक होतं.