ठमीच्या पोटावरचे केस आणि माझी इस्टेट

मी, वय वर्षे एकाहत्तर, रसायनशास्त्राची पदवीधर, औषधाच्या कारखान्यात तीस वर्षे तपासणीचे काम केलेली, हे शुद्धीवर राहून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कुणाचा दबाव नाही; दबाव आणणारे माझ्याआधी दमले. गुरुवारी हृदयाची शस्त्रक्रिया आहे. सर्जन म्हणतात, काळजीचे कारण नाही. काळजी त्यांच्यावर सोपवलेलीच नाही.

कलम एक. घराचा माझा अर्धा हिस्सा धाकट्या बहिणीला. उरलेला अर्धा तिचाच आहे, आणि सहा वर्षे ती त्यात माझ्याशी एक शब्द न बोलता राहिली आहे. एवढी चिकाटी तिने कॉलेजात दाखवली असती तर पदवी मिळाली असती.

कलम दोन. आमची मांजर ठमी हिने गेल्या वर्षी स्वतःचे पोट चाटून चाटून गुळगुळीत केले. भाच्याने फोनवर माहिती शोधून पाच मिनिटांत निदान केले आणि गळ्यात घालायची प्लास्टिकची कॉलर आणली. कॉलर होती तोवर चाटणे थांबले, काढली त्याच दिवशी सुरू झाले. ती कॉलर मी भाच्याला देते. फोन हातात घेताना त्याने ती घालावी.

मीही काही कमी केले नाही. तीस वर्षे तपासणीशिवाय एक गोळी बाहेर जाऊ दिली नाही, आणि इथे न तपासता ठरवले की धाकटी तिला चोरून काहीबाही खाऊ घालते. धाकटीने ठरवले की माझ्या फिनेलमुळे होते.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी क्रमाने पाहिले. पिसवा नाहीत. त्वचेला बुरशी नाही. आठ आठवडे एकच अन्न दिले, फरक नाही. कधी मूत्राशय दुखते म्हणूनही मांजर पोट चाटते, तर तेही तपासले. मग त्यांनी आम्हा दोघींना वेगवेगळी वही दिली: ठमी चाटायला बसली की वेळ लिहा, आणि आधी घरात काय झाले तेही. महिन्याने दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. वेळा तंतोतंत जुळल्या. माझ्या वहीत कारण, "धाकटी बोलली." तिच्या वहीत, "मोठी बोलली."

आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो. ठमीला समोर धरून बोलत होतो. "सांग तुझ्या मावशीला, गॅस चालू राहिलाय." "सांग तुझ्या मोठ्या मावशीला, डोळे आहेत मला." सहा वर्षे, दिवसातून दहा वेळा, एकेक मावशी तिच्या तोंडाशी येऊन गुरगुरायची.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषध थोडे दिवस हिला देते. तुमचं तुम्ही बघा."

कलम तीन. ठमी धाकटीकडे राहील, भाच्याकडे नाही. जेवण ठरल्या वेळी. खेळ दिवसातून दोनदा. कपाटावरची जागा तिची, तिथे बॅगा ठेवू नयेत. चाटताना ओरडू नये, ओढू नये. गोळी डॉक्टरीणबाई सांगतील तेव्हाच, हळूहळू कमी करावी. माझी बचत आधी तिच्या उपचारांसाठी, उरेल ती धाकटीची. माझा पितळी तराजू डॉक्टरीणबाईंना. अचूक माणसाकडे असावा.

<s>कलम चार. आईचे शिवणयंत्र धाकटीने मला न विचारता विकले. हा गुन्हा मी माफ करत नाही, पण माझ्यामागे त्याचा विषय काढू नये.</s>

सही करण्याआधी हे सगळे मी धाकटीला स्वयंपाकघरात वाचून दाखवले. ठमीला मध्ये न घेता. ठमी टेबलावर होती. चौथ्या कलमाला धाकटी माझ्याकडे बघून म्हणाली, "विकलं नाही गं ताई. दुरुस्तीला दिलं होतं. तू आल्या आल्या चोर म्हणालीस, मग मी पण नाही सांगितलं."

साक्षीसाठी बोलावलेला खालच्या मजल्यावरचा शिंपी जमिनीकडे बघत म्हणाला, "माझ्याकडेच आहे. पाच वर्षांपूर्वीच नीट झालंय. तुम्ही दोघी बोलायला लागलात की वर आणून देणार होतो."

सबब कलम चार खोडले आहे. खोडाखोड माझीच, त्यावर माझी सही आहे. त्याऐवजी: यंत्र बुधवारच्या आत वर यावे. गुरुवारनंतर मी घरी परत आले तर ते कुठे ठेवायचे यावर धाकटीशी भांडेन, समोरासमोर आणि हळू आवाजात. ठमी हे सर्व ऐकत झोपून होती. पोटावर बोटभर केस आले आहेत.

सही: मोठी बहीण (वाचता येईल अशी)

साक्षीदार एक: खालच्या मजल्यावरचा शिंपी. यंत्राबद्दलचे वरील बोलणे माझेच आहे.
साक्षीदार दोन: समोरच्या घरातली निवृत्त नर्स.
दोघांनाही यातून काही मिळत नाही, म्हणूनच बोलावले.

ठिकाण: आमचे स्वयंपाकघर
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा सोमवार, दुपारी चार