टेबल डुगडुगतं म्हणून

प्रिय ताईस धाकटीचा नमस्कार, आणि भाच्याला गोड पापा.

मी इथं मजेत आहे. खोलीत ऊन येतं, जेवण पोटभर मिळतं. अक्षर वाकडं दिसलं तर दचकू नकोस, टेबल डुगडुगतं.

आजार घराण्यातून कसे उतरतात, ते शिकवणारा विद्यापीठातला वर्ग सुरू झाला. पहिल्याच तासाला ज्यानं त्यानं आपल्या घराण्याचा तक्ता काढायचा होता. पुरुषाला चौकोन, बाईला गोल आणि आजारी माणूस काळा रंगवायचा. हात थरथरणारे आपले तिघं, आजोबा, आत्या आणि बाबा, मी काळे केले. सर खूश! तक्ता फळ्यावर लावून त्यांनी विचारलं, "यांच्या प्रत्येक मुलाला धोका किती?" सगळा वर्ग पाढे म्हटल्यासारखा ओरडला, "पन्नास टक्के!"

तुझा गोल मी काढलाच नाही. एकुलती एक आहे म्हणून सांगितलं.

बाबा अजून आपल्या हातानं जेवतात का? कप निसटला तर ओरडू नकोस गं त्यांच्यावर. त्यांचंही सगळं अक्षरापासूनच सुरू झालं होतं, आठवतं?

आत्ताच टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सारली. टेबल आता जराही हलत नाही. अक्षर तू बघतेच आहेस.

तुझीच,
धाकटी