निळ्या कापडाची गुप्त मोहीम

५ मे, सोमवार
बायकोची, लिओनाची, अर्धी राहिलेली गोधडी आजपासून मी पूर्ण करणार. हॉस्पिटलात तिला शब्द दिला होता. ती हसली होती. हसू दे. एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या माणसाला चार सरळ टाके घालायला काय जातंय?

६ मे
शिवण सुरू. दोन सुया मोडल्या. मशीन जुनं आहे.

९ मे, शुक्रवार
घोळ. मधला भाग लिओना पुरा करून गेली आहे, पण भोवतालच्या पट्टीचं कापडच नाही. निळं, त्यावर पिवळ्या गव्हाच्या ओंब्या. तीन वार लागेल, घरात तळहाताएवढा तुकडा. काठावर छापलेल्या कंपनीला फोन केला. हे कापड सहा वर्षांपूर्वीच बंद झालं. एखाद्या दुकानात जुना तागा पडला असेल तर नशीब, म्हणे.
म्हणजे आता शोधमोहीम. जूनमध्ये नेब्रास्काभर कापडदुकानांची फेरी असते: नऊ दुकानं, प्रत्येक दुकानाचा आपल्या कार्डावर शिक्का. तेव्हा सगळे माळ्यावरचे तागेसुद्धा खाली काढतात. गावातल्या गोधडी मंडळाच्या बायका दरवर्षी जातात. मी एकटा जाणार.
नियम पहिला: कोणाला पत्ता लागता कामा नये. विशेषतः मंडळातल्या वर्ना कुचेराला.

११ मे, रविवार
वर्ना नूडल्स-टूनाचं भांडं घेऊन आली. लिओना गेल्यापासूनचं हे सातवं. इतकं कोणी उगाच खाऊ घालत नाही. जाता जाता म्हणाली, मिलो, शिवणखोली आवरायला येऊ का रे? पाणी कुठंतरी मुरतंय. लिओनाच्या कपाटभर कापडावर हिचा डोळा आहे. मागे जत्रेतल्या स्पर्धेत हिची गोधडी लिओनाला अर्ध्या गुणाने मागे टाकून पहिली आली होती. लिओना विसरली, मी नाही.
नूडल्स संपवले. चव चांगली होती. त्यानेच संशय बळावतो.

१६ मे, शुक्रवार
लिओनाच्या जागी मंडळात बसू लागलो आहे. शत्रूवर नजर ठेवलेली बरी. चर्चच्या तळघरात आठ बायका आणि मी.
यांची एक खुळी पद्धत आहे. ज्याला जे कापड कमी पडतं त्याने तुकडा वर धरून विचारायचं, आहे का गं कोणाकडे? ट्वायलाने बोटभर गुलाबी चिंधी दाखवली. पाच मिनिटांत तिघींनी द्यायचं कबूल केलं. बिचारी ट्वायला! सगळी गुपितं उघडी करून बसली. मी माझा तुकडा खिशात मुठीत धरून ठेवला. मुठीला घाम आला.
मग त्यांनी मलाच गळ घातली. फेरीला व्हॅन चालवशील का, तुझ्याइतका सराईत दुसरा कोण आहे, वगैरे. डाव लगेच ओळखला. मी बाहेर पार्किंग शोधत फिरणार, या आत जाऊन तागा उचलणार. पाठ दुखते म्हणून सांगितलं.
तेवढ्यात वर्नाने सगळ्यांदेखत विचारलं, लिओनाच्या गोधडीला नक्की काय कमी पडतंय रे? मग थंड डोक्याने सांगून टाकलं: हिरवं कापड, त्यावर लाल कोंबडे. कोंबडे कुठून आले देव जाणे. वर्नाने वहीत लिहून घेतलं. लिहून घेतलं! नुसतं सहज विचारणारा माणूस लिहून घेतो का?
दिसलो असेन मूर्ख, पण बनलो नाही.

२४ मे
नकाशा पसरून प्लॅन केला. नऊ दुकानं, दोन दिवस, प्रत्येकी वीस मिनिटं. पहाटे पाचला प्रस्थान. सँडविच गाडीतच, म्हणजे कुठे थांबायला नको. असं वेळापत्रक या आठ जणींना सात जन्मात जमणार नाही. वर्ना कधीही टपकते, म्हणून कागद फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीखाली ठेवला.

१ जून
मटार वितळले. वेळापत्रक हिरवं आणि मऊ झालं आहे. हरकत नाही, डोक्यात पक्कं आहे.

१३ जून, शुक्रवार
फेरीचा दिवस. गजर वाजला नाही (लावला नव्हता असं दिसतं). निघायला पावणेनऊ.
पहिलं दुकान: दारात मंडळाची व्हॅन. न थांबता पुढे.
दुसरं दुकान: आत गेलो. सगळी बाळांची कापडं, बदकं नि फुगे. दुकानदारीण तीनदा म्हणाली, काय शोधताय सांगा ना, मी काढून देते. सहज आलोय म्हणालो. असले चौकस लोक मला खपत नाहीत.
तिसरं दुकान: पुन्हा व्हॅन. धान्याच्या कोठाराआड पिकअप लावून तासभर थांबलो. मग कंटाळून चौथ्याकडे गेलो, तर व्हॅन तिथे माझ्याआधी हजर! या बायका माझ्या मागावर आहेत. पुढे राहून मागावर राहण्याची ही नवीनच तऱ्हा.
मुक्काम मोटेलात. सँडविच घरीच राहिली.

१४ जून, शनिवार
मेपल क्रीकचं दुकान. जुन्या ताग्यांसाठी नावाजलेलं, खरी आशा इथेच. दारात व्हॅन.
समोरच्या कॅफेत खिडकीशी बसलो, पेपर तोंडापुढे. आधी चेरीची गोड पाय-पेस्ट्री खाल्ली, मग आंबट रुबार्बची. दोन तास दहा मिनिटं! बायका आत करतात तरी काय? कॅन्ससच्या नंबरप्लेटच्या गाडीची एक बाई भला मोठा पुडा घेऊन बाहेर आली, हात अडकलेले, गाडीचं दार उघडेना. टोपी नाकावर ओढून गेलो, दार उघडलं, पुडा मागच्या सीटवर ठेवून दिला. चांगला जड होता. मोहिमेवर असलो तरी माणुसकी सोडू नये.
पाचला पाच मिनिटं कमी असताना व्हॅन हलली. मी कॅफेचं बिल देऊन रस्ता ओलांडेपर्यंत दुकान बंद. उद्या रविवार.
नऊपैकी एक दुकान पाहिलं. सुरुवात म्हणून वाईट नाही.

१७ जून, मंगळवार
सकाळी बेल. आठही जणी दारात, पुढे वर्ना. वाटलं, कोठाराआड कोणीतरी पाहिलं, आता झडती.
आत आल्या. टेबलावर पिशव्या उलट्या केल्या. हिरवं कापड. लाल कोंबडे. ढीगच. नऊ दुकानं त्यांनी पालथी घातली, चार ठिकाणी थोडं थोडं मिळालं, उरलेलं वर्नाने मिसूरीपर्यंत फोन करकरून मागवलं. अकरा वार. ट्वायला टाळ्या वाजवत होती. म्हणाली, एवढा भयंकर कोंबडा दोन दिवस शोधत होतो रे आम्ही!
मग वर्नाने सांगितलं, मेपल क्रीकला ओंब्यांच्या निळ्या कापडाचा अख्खा तागा होता, लिओनाला फार आवडायचं बघ ते. म्हणाली, त्यावर हात फिरवला आणि मला रडूच आलं. घ्यावंसं वाटलं, पण म्हटलं, मिलोला तर कोंबडे हवेत. ठेवून दिला. मग कॅन्ससची एक बाई सगळा घेऊन गेली.
मी हो का म्हणालो. कोलाचे, म्हणजे जॅम भरलेले गोड पाव, पुढे केले.
लिओना, चुकलो गं. मी स्वतःच्या हाताने ठेवला तो पुडा गाडीत.

२० जून, शुक्रवार
मंडळ या वेळी आमच्या घरी भरलं. वर्नाचा हुकूम. शिवणखोलीत माणूस माणसाला लागत होता. मला सुयांत दोरा ओवायचं काम. तेही नीट जमलं नाही, ट्वायला गुपचूप पुन्हा ओवत होती. पाच तासांत गोधडी पुरी. मधे लिओनाचं बारीक नाजूक काम आणि चारी बाजूंनी लाल कोंबडे, डोळे वटारून.
आज खरं सांगायचंच असं ठरवलं होतं. वर्नाच स्वयंपाकघरात आली. हळू आवाजात विचारलं, खरंच रे मिलो, लिओनानेच निवडले होते हे कोंबडे?
मी हो म्हणालो.
तिला लगेच पटलं. म्हणाली, तिची नजर आपल्यापेक्षा वेगळीच होती. मग डोळे पुसले आणि उरलेलं कापड घडी घालून लिओनाच्या कपाटात ठेवायला गेली. बाईला एवढासुद्धा संशय आला नाही.