कानापुढचं बटन

माय, परवा वर्ध्याला गेले होते, कानाचं मशीन बदलायला. सोबत कोणी नव्हतं; आता नसतंच. डॉक्टरीण वयानं लहान, पण बोलायला मोकळी. माझा उजवा, चिंचोक्याएवढा कान नीट पाहून म्हणाली, "याला नाव काय दिलं होतं?" मला हसूच आलं. काय सांगू तिला? सेलूच्या डॉक्टरांनी 'कानच लहान, बाकी काही नाही' म्हणून आपल्याला वाटेला लावलं होतं. नागपूरच्यांनी लांबलचक नाव सांगितलं, अर्ध्या चेहऱ्याचा जन्मजात दोष म्हणे. मग तिथल्याच दुसऱ्यांनी ते खोडलं, जबडा सरळ आहे तर हा तो दोष नव्हेच. परतीच्या बसमध्ये तू वैतागलीस, "एका पोरीचं एकच तोंड, अन् हे सारे काऊन भांडून राह्यले?" आजीचं निदान मात्र कधी बदललं नाही. ग्रहणात तू विळीवर बसलीस, म्हणून पोरीचा कान कापला गेला. तू ते जन्मभर ऐकून घेतलंस. मला अजून त्याचा राग येतो.

डॉक्टरीण म्हणाली, या दोषाच्या व्याख्येवर अजूनही एकमत नाही. कोणी जबडा वाकडा असल्याशिवाय धरत नाहीत, कोणी नुसता लहान कान धरतात, तर कोणी कानापुढची मांसाची बारीक गाठसुद्धा. गाठ म्हटल्यावर मी खुर्चीत सरळ झाले. अगं, तुझ्या डाव्या कानापुढे होती की ती, मुगाएवढी! शाळेत पोरींनी 'बुची', म्हणजे कानतुटकी, म्हणून चिडवलं की मी आपल्या किराणा दुकानात येऊन तुझ्या मांडीत डोकं खुपसायची. तू म्हणायचीस, "रडू नको. हे मायं बटन दाब अन् सांग, मले सारं ऐकू येते." मी दाबायची, आणि गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी तू पुडी बांधायची थांबायचीस.

"घरात आणखी कोणाला होतं?" तिनं विचारलं.

"आईला," मी लगेच म्हणाले.

नुसती गाठ असेल तर काहींच्या मते व्याख्येत बसेल, काहींच्या मते नाही, असं ती म्हणाली.

"बसते म्हणा ना," मी म्हणाले.

ग्रहणाचा काही संबंध नाही, हेही तिनं सांगितलं. ते तुला कळवायचं म्हणून लिहायला बसले, पण हे पत्र टाकू कुठे? आणि खरं सांगू, तिथे मी तुझं नाव घेतलं ते तुझ्यावरचा बोल पुसायला नव्हे. एवढी वर्षं घरात अशी मी एकटीच होते, माय. मला कोणीतरी सोबत पाहिजे होतं.