दोष क्लचचा नव्हता, सुनंदाचाही नव्हता

खातेगांव, बुधवार, संध्याकाळ

ट्रॅक्टर दुरुस्त होईल, पण मला घरात मान वर करवत नाही. नवाकोरा छोटा ट्रॅक्टर, आणि क्लच घसरायला लागला तेव्हा शेजाऱ्यांसमोर मी बायकोला, सुनंदाला, म्हणालो, "बायकांच्या हाती दिलं की असंच होणार." का म्हणालो? ती तर माझ्याहून सरळ चालवते.

आज देवासहून कंपनीचा मेकॅनिक आला. त्यालाही मी तेच ऐकवलं, ती चहा घेऊन समोर उभी असताना. त्याने क्लच उघडला. म्हणाला, "भिया, सील शुरू से खराब था, तेल अंदर आ रहा था. भाभीजी की गलती नहीं. वॉरंटी में बदल देंगे."

बायकांच्या हाती दिलं की... हे शब्द माझेच ना?

तो गेल्यावर मी तिला म्हणालो, "दुरुस्त झाला की पहिली फेरी तूच मार."

ती म्हणाली, "नको. इतके दिवस मी आठवून पाहत होते, माझा पाय चुकून क्लचवर कधी राहिला असेल, म्हणून तो बिघडला."

उद्या शेजाऱ्यांना खरं सांगायचं, तिच्या देखत. सांगेन ना मी?